पान एकशे त्रेचाळीस

उर्जिता दाभाडेची कादंबरी तिसऱ्या मुद्रितात आहे.
वय वर्षं नऊ ते तेरा, असं मागच्या पानावर छापायचंय.
माझं त्रेसष्ट.
नारायण पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत,
लाकडी पट्टी एकेक ओळ खाली सरकवत
मी भोपळ्याच्या मागे मागे चाललेय.

गोष्ट जुनीच. म्हातारी, रान, वाघ,
आणि ते वचन, की लेकीकडे जाते,
चार दिवस खाऊनपिऊन परत येते, मग खा मला.
पण उर्जितानं म्हातारीला पहिल्याच पानावर रजा दिलीय.
तिच्या जागी शलाका, अकरा वर्षांची, दत्तवाडीची,
मंडईत आईच्या गाळ्यावर मिरच्या निवडणारी.
तिच्या हाती एक भोपळा लागतो
ज्याचं वजनच भरत नाही.
ठेवला तरी पारडं वरच्या वर.
शेजारचा गाळेवाला म्हणतो, घरी ने गं तो,
माझ्या काट्याची अब्रू घालवतोय.
(इथे ‘रू’ दीर्घ केला.)

मग रात्र. भोपळा निघतो, शलाका आत.
बेलबाग चौकात सिग्नल लाल होतो, आणि तो थांबतो.
मी एकटीच मोठ्यानं हसले.
बरोबर आहे, अद्भुतकथाच आहे ही.
लकडी पुलावर दुचाकींना बंदी,
भोपळ्याबद्दल पाटीवर काही लिहिलेलं नाही.
भांडारकर रस्त्यावर एक कुत्रं त्याला हुंगून सोडून देतं.
पुढे चढ.

वेताळ टेकडीवर, जुन्या खाणीच्या काठाशी
वाघ बसलेला असतो.
डरकाळी नाही. बरगड्या मोजता येतात.
पुढ्यात एक परात, घासून पालथी घातलेली.
“येते म्हणाली होती,” तो म्हणतो. एवढंच.

केतकी लहान असताना हीच गोष्ट मी रोज सांगायचे.
म्हातारी सुटली की दिवा बंद.
एकदा अंधारातून तिनं विचारलं,
मग वाघ काय जेवला?
मी म्हटलं, झोप आता.

हल्ली ती वाकडला असते.
मी दोन बस बदलून जाते.
ती वरणावर तूप वाढायला येते,
मी ताटावर हात आडवा धरून डॉक्टरांचं नाव पुढे करते.
निघताना, पुढच्या रविवारी येते, म्हणते,
आणि त्या रविवारी कुणाचं तरी मुद्रित येऊन पडतं.

तर, पान एकशे त्रेचाळीस, ओळ सातवी.
हवं होतं: वाघ वाट पाहतो.
पडलंय: वाट वाघ पाहतो.
चूक उघड आहे.
एकतीस वर्षांत अशी चूक मी चहा ढवळतानाही पकडलीय.
लाल पेन उचललं. अदलाबदलीची नागमोडी खूण
अर्धी काढलीसुद्धा.

आणि पट्टीच्या वर ती वाट दिसली.
टेकडीची, मुरमाची, कडेला वाळकं गवत,
कित्येक वर्षांत कुणाचं पाऊल न लागलेली,
मान उंच करून त्या जनावराकडे बघत असलेली,
आहे ना अजून, बसलाय ना.

उर्जिताला फोन लावला.
“अय्या, चुकलंच की! फिरवून घ्या ना काकू.”
बघते, म्हटलं.

समासात लिहिलं: राहू द्या.
अर्धी खूण खोडली, शेजारी सही केली.
इतक्या वर्षांत मी चुकीखाली सही केलेली नाही,
म्हणून तारीखही घातली.

पुढच्या पानावर शलाका भोपळ्यातून बाहेर येते.
कपडे गराचे, केसांत दोन बिया,
हातात डबा. झाकण घट्ट बसलेलं.
ती वाघाला म्हणते, जरा एका बाजूनं धर

इथे पूर्णविराम सुटला होता.
तो दिला.